अकरावं अक्षर

बोईसरच्या कंपनीच्या स्वागतकक्षाच्या भिंतीवर फूटभर उंचीची बावीस इंग्रजी अक्षरं चिकटवून कारागीर शिडीवरून उतरला आणि चहाचा कागदी कप हातात धरून उभा असलेला धीरज ती अक्षरं मोठ्यानं वाचायला लागला, तेव्हा दीपालीला खरं तर हसूच येत होतं. "एम मुंबईचा, के केळव्याचा, पी पालघरचा, एल लोअर परळचा, व्ही वैतरणेचा..." असा तो स्टेशनामागून स्टेशन घेत पुढे सरकत होता, आणि अकराव्या अक्षरापाशी थबकला. "ही आय कुठनं आली?" तो म्हणाला. "हितं वाय होता ना?" दीपाली म्हणाली, काहीतरीच काय, वर्षभर इथं आयच आहे. "अगं, मीच तर वाचून दाखवला व्हता फोनवर. मला चांगली याद हाय. वायचा स्टेशनच सापडंना, म्हणून अडलो व्हतो." मग त्याच्या डोक्यात काहीतरी पेटलं आणि तो खो खो हसायला लागला. "दीपे! तू तवा इचारलंस, आय हाय ना? मला वाटला तू सरांच्या आयचा इचारतेस. ती म्हातारी समोरच लसूण सोलत बसली व्हती. मी बोल्लो, हाय हाय!" हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कप चुरगळून त्यानं टोपलीत टाकला आणि प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या आपल्या पेशींना खाऊ घालायला तो आत निघून गेला. आलेवाडीच्या मासेमारांच्या घरातला हा गडी. त्याच्या लेखी ही सकाळची एक गंमत होती आणि ती संपली होती. दीपाली मात्र भिंतीवरच्या त्या अकराव्या अक्षरापाशीच उभी राहिली. सकाळचे दहा वाजले होते. तीन वाजता पाहुणे येणार होते, आणि पेटंटचा पक्का अर्ज शुक्रवारी जाणार होता.

आता ही बावीस अक्षरं म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर एवढ्या शिकल्यासवरल्या बाईचा जीव एका अक्षरापायी का खालीवर व्हावा हे कळायचं नाही. पेशीत हजारो प्रथिनं तयार होतात आणि प्रत्येकाचं ठिकाण वेगळं. कुणी घरातच राहायचं, कुणी बाहेर पडायचं, कुणी पेशी बाहेर सोडते त्या इवल्याशा थैल्यांत, एक्झोसोममध्ये, जाऊन बसायचं. कुठल्या वाटेला लागायचं ते प्रथिनाच्या तोंडाशी जोडलेली एक आखूड साखळी सांगते. तिला सिग्नल पेप्टाइड म्हणतात. ती प्रथिनाला आतल्या दारापर्यंत नेते, दारातून पलीकडे ओवते, आणि तेवढं झालं की पेशी तिला छाटून टाकते. साखळीच्या एकेका कडीला इंग्रजी एकेक अक्षर. सहा वर्षांपूर्वी मुलाखतीत सरांनी, म्हणजे डॉक्टर दिग्विजयनी, तिला हे समजावून सांगायला सांगितलं, तेव्हा पाठ केलेलं सगळं इंग्रजी ऐनवेळी पळालं आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं. ती म्हणाली, सर, दिवाळी झाली की आमच्या पाड्यावरची माणसं जगायला बाहेर पडतात. नाक्यावर दोन ट्रक उभे असतात. मुकादम ज्याच्या त्याच्या बोचक्याला चिंधी बांधतो, वसईच्या वीटभट्टीची तांबडी, भिवंडीची हिरवी. उतरलं की चिंधी सोडून फेकून द्यायची, तिचं काम झालं. दिग्विजयनी हातातलं पेन खाली ठेवलं होतं. बाहेर आल्यावर ती जिन्यात उभी राहून स्वतःच्या नावानं बोटं मोडत होती, की कुठं काय बोलावं याची अक्कल नाही म्हणून. आणि चौथ्या दिवशी नेमणुकीचं पत्र आलं.

तेव्हापासून तिनं एक गोष्ट कसोशीनं पाळली होती. कंपनीच्या फाटकाच्या आत चारचौघांत तिच्या तोंडून कधी हाय आणि नाय निघालं नव्हतं. आहे. नाही. आम्ही. तुम्ही. ह जिथं हवा तिथं हवाच. आश्रमशाळेत सातवीला असताना तपासणीला आलेल्या बाईंनी तिला उभं केलं होतं आणि "आमी" म्हटल्यावर सगळ्या वर्गाला हसवलं होतं. तो ह तेव्हापासून तिच्या जिभेवर पहारेकऱ्यासारखा बसलेला. एकट्या धीरजशी बोलताना तेवढी ती मोकळी सुटायची. तो किनाऱ्याचा, ती डोंगरातली, दोघांची बोली सारखी नव्हे, पण हाय आणि नाय दोघांचं एक. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नसलं की दोघं त्याच बोलीत गप्पा मारत पेट्र्या, पेशी वाढवायच्या त्या काचेच्या ताटल्या, मोजायची, आणि दार उघडलं की लगेच आहे-नाहीवर यायची. गर्विष्ठ आहे हो ती, असं तिच्याबद्दल ती राहायची त्या सरावलीच्या चाळीतल्या बायका म्हणायच्या, आणि खोटं कशाला बोला, होतीच ती गर्विष्ठ. वरठ्यांच्या घरातली पहिली पदवीधर, पाड्यातली पहिली एमएस्सी. पालघर जिल्हा झाला त्या वर्षी ती कॉलेजला लागली, आणि नव्या कचेऱ्यांच्या रांगेसमोरून जाताना तिला वाटायचं, हे सगळं आपण येणार म्हणूनच बांधायला घेतलंय. असा गर्व परवडायलाही पाठीत कणा लागतो.

आणि वर्षभर तर त्या गर्वाला खाद्य मिळत होतं. एका दुर्मीळ आजाराच्या लहान मुलांच्या अंगात जे एन्झाइम तयारच होत नाही, ते एक्झोसोमच्या थैल्यांत भरून द्यायचं, असं कंपनीचं काम. दोन वर्षं ते एन्झाइम थैलीत बसायलाच तयार नव्हतं. मग सरांनी ही नवी साखळी बसवली, आणि पहिल्याच खेपेला थैल्यांत आधीच्या चौपट माल. चौपट! दीपालीनं तीनदा मोजलं होतं, उपकरण बिघडलंय समजून. त्या दिवशी सरांनी पालघरहून पेढे मागवले. कच्चा अर्ज गेला, पक्का तयार झाला, शोधकांत तिसरं नाव तिचं. दीपाली जिवल्या वरठा. बापाचं नाव मधे अख्खं हवं, नुसतं जे नको, असं तिनं वकिलाला दोनदा सांगितलं होतं. त्या अर्जात एक वाक्य होतं आणि तेही तिला तोंडपाठ होतं, की अकराव्या जागेवर आय हे अक्षर शोधकांनी विचारपूर्वक निवडले, कारण साखळीचा मधला भाग जितका पाण्याला भिणारा तितकी ती दारातून सहज ओवली जाते. वाक्य खरं होतं, फक्त त्यातलं "विचारपूर्वक" सोडून. वाय पाण्याला तेवढा भीत नाही. आय भितो. सगळी करामत त्या आयची, आणि तो आय कुणाच्याच विचारात नव्हता.

टेबलाशी येऊन ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली, पण काचेखाली काय आहे ते तिला दिसत नव्हतं. ती दुपार आठवत होती. सर पाय मोडून पालघरच्या घरी गोळ्यांच्या गुंगीत पडलेले. साखळी फोटो काढून पाठवायची नाही, मेल करायची नाही, असा कंपनीचा नियम, बाहेर फुटली तर काय घ्या. म्हणून धीरज सरांच्या घरी गेला, त्यांच्या वहीतलं वाचत गेला आणि बोईसरला बसून ही फोनवर लिहीत गेली. ए की ई, एम की एन याचा घोळ व्हायला लागला, तेव्हा स्टेशनांची युक्ती धीरजनंच काढली. एस सफाळ्याचा, ए अंधेरीचा. साखळीच्या कड्यांना एकूण वीसच अक्षरं वापरतात, त्यांत बोईसरचा बी नसतोच म्हणून दोघं हळहळलीसुद्धा. आणि मग आला वाय. चर्चगेटपासून डहाणूपर्यंत वायचं एक स्टेशन सापडेल तर शपथ. तो तिकडे "अं... अं..." करत अडलेला, तिला अर्धवट काहीतरी आय असं ऐकू आलं, आणि आयचंही स्टेशन नाही म्हणून तिनं विचारलं, "आय हाय ना?" तिकडे सरांची आई, साखरबाई, लसूण सोलत बसलेली. साखरबाई दर महिन्याला दीपालीला ठेच्याची बरणी पाठवणार, हे धीरजला माहीत. त्यामुळे ही म्हातारीची चौकशी करतेय यात त्याला काही नवल वाटलं नाही. हाय हाय, म्हणाला. तिनं आय लिहिला. त्यानं वहीत पुढचं अक्षर वाचलं, ए अंधेरीचा, आणि गाडी पुढे गेली. जगात दुसरीकडे कुठं अशी चूक झाली असती? पुण्यात? हैदराबादेत? तिथल्या माणसानं "आई आहेत का" असं विचारलं असतं आणि सगळं नीट, बरोबर, वायसकट उतरलं असतं, आणि थैल्या आजही रिकाम्याच राहिल्या असत्या. हे मनात आलं तेव्हा तिला इतकं विचित्र वाटलं की ती सूक्ष्मदर्शकापासून उठलीच.

भीती तर होतीच. सहा वर्षं जी जीभ कामाच्या बोलण्याबाहेर ठेवली, ती एकदाच आत आली आणि घोळ करून बसली, हे चारचौघांत सांगायचं? सरांनी काढून टाकलं तर? तिसरं नाव खोडलं तर? गप्प बसावं, कुणाला कळणार आहे, धीरज तर संध्याकाळपर्यंत विसरूनही जाईल. असं म्हणून ती घटकाभर शांत व्हायची आणि लगेच आतून काहीतरी उसळून यायचं, आणि ती भीती नव्हती. तो राग होता, आणि रागाच्या खाली चक्क अभिमान. वर्षभर ती ज्या नावाचा तोरा मिरवत होती ते नाव कशासाठी होतं? दिलेलं काम नीट केलं, पेट्र्या धुतल्या, आकडे बरोबर काढले, म्हणून. ते कुणीही केलं असतं, तिच्याऐवजी कुणी रूपाली, कुणी भाग्यश्री. पण हे अकरावं अक्षर दुसऱ्या कुणाच्या कानातून आलंच नसतं. ते नेमकं तेवढंच "विचारपूर्वक" या एका शब्दाखाली गाडून टाकायचं आणि वर तिसऱ्या नावाची साडीचोळी घेऊन गप्प बसायचं? अरे वा रे वा.

जेवणाच्या सुट्टीत तिच्या आईचा, बुधीचा, फोन आला. बुधीला पाड्यावर रेंज फक्त सागाच्या खोडाशी मिळते, त्यामुळे ती मुद्द्याचं तेवढंच बोलते. "जेवलीस का?" "नाय अजून." "मंग काय वारा खातेस? तुजा बा कालधरनं अंगणात बसून येनाऱ्याजानाऱ्याला सांगतंय, दिल्लीच्या कागदावर माज्या पोरीचा नाव हाय. मास्तरला पन सांगून आलाय." दीपाली पायऱ्यांवर बसली. "आय," ती म्हणाली, "माज्याकडनं एक चूक झाली हाय." बुधीनं विचारलं, "तुजीच हाय ना? बग हां, नायतर दुसऱ्याची घेशील अंगावर. भट्टीवर दुसऱ्याच्या हातनं फुटलेली वीट आमच्या माथी मारायचे." दीपाली म्हणाली, नाय, माजीच हाय. "मंग काय," बुधी म्हणाली, "तुजी तू संबाळ," आणि फोन कट झाला. डबा तसाच बंद ठेवून दीपाली उठली. तिची प्रयोगवही तिनं काखेत मारली आणि अडीच वाजता ती सरांच्या खोलीत गेली.

दिग्विजय नवा कोट घालून पाहुण्यांसमोरचं भाषण पाठ करत होते. साताऱ्याकडचा माणूस, आवाज मोठा, मन वाईट नाही. "ये की," ते म्हणाले, "भिंत बघितलीस का? झकास झालीय." ती म्हणाली, "सर, तुमची त्या वेळची वही आहे का इथं? अकरावं अक्षर बघायचंय." आता कशाला, असं पुटपुटत त्यांनी खणातून वही काढली, पान उघडलं, बोट फिरवत नेलं आणि बोट थांबलं. वाय. स्वतःच्या हस्ताक्षरात, शेपूट लांब काढलेला वाय. दीपालीनं सगळं सांगितलं. स्टेशनं, साखरबाई, लसूण, सगळं. साखरबाईंपाशी आली तेव्हा दिग्विजयना हसू फुटलं, "म्हणजे माझी आई..." असं म्हणत ते हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. आपण आय निवडला असं त्यांना खरोखर आठवत होतं. का निवडला ते त्यांनी तीन परिषदांत फळ्यावर काढून दाखवलं होतं. यश आलं की माणसाला त्याची कारणं आठवायला लागतात, आणि त्यात लबाडी असतेच असं नाही.

"मी तीन आठवडे डोकं घातलं होतं यात," ते म्हणाले.

"हो सर. एकवीस अक्षरं तुमचीच आहेत."

"आणि वायच चांगला निघाला असता तर? तो कुठं कुणी करून बघितलाय?"

"करून बघू. वायची साखळी आजच मागवते. वाय चांगला निघाला तर तेही लिहू."

दिग्विजयनी वही मिटली. आवाज खाली आणून ते म्हणाले, "हे बघ दीपाली, अर्धा तास राहिलाय. अर्जात साखळी बरोबर आहे, आकडे बरोबर आहेत. तुझं नाव आहे. ते कुठं जात नाही, माझा शब्द. कशाला उगाच उकरून काढायचं? उद्या लोक म्हणतील, ऐकायला येत नाही अशी माणसं ठेवतात हे." ते शेवटचं वाक्य त्यांना बोलायचं नव्हतं, बोलल्यावर ते त्यांनाही कळलं. पण ते बोलून झालं होतं. सातवीच्या वर्गातलं हसू दीपालीच्या कानात एकदा भणभणून गेलं, आणि आश्चर्य म्हणजे ते गेलंच. तिला वाटत होतं आपण रडू. डोळे कोरडे ठणठणीत होते.

"मला ऐकायला येतं सर," ती म्हणाली. "आमच्यात जसं बोलतात तसंच मी ऐकलं. म्हणून ते अक्षर आलं."

"मग तुला हवंय काय? पहिलं नाव?"

"नाय." तिच्या तोंडून आलं, आणि तिनं ते दुरुस्त केलं नाही. "तिसराच ऱ्हाऊ द्या. पन ती आय माजी हाय, सर. चूक हाय, पन माजी हाय. ती तुमी इचार करून काडली असं लिवलंय, ते खोडा."

सहा वर्षांत या खोलीत कुणी असं बोललं नव्हतं, आणि ती तर नाहीच. सरांच्या गावाकडे आईला आयच म्हणतात. घरून निघताना रोज दारातून "आय, येतो गं" म्हणणारा हा माणूस, त्याला त्या वाक्यातलं सगळं ऐकू आलं असणार. राग त्यांना आला होता, कान लाल झाले होते. त्यांनी अर्जाची प्रत ओढली, ते वाक्य शोधलं, पेनाचं टोपण काढलं आणि थांबले. वाक्य चांगलं होतं. त्यावर त्यांची बढती उभी होती.

प्रयोगशाळेत खोडण्याचा एक नियम आहे. पांढरी शाई लावायची नाही, गिरगटायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, अशी की खाली काय होतं ते कुणालाही वाचता यावं, आणि शेजारी सही व तारीख. दिग्विजयनी त्या वाक्यावर तशी रेघ मारली. "विचारपूर्वक निवडले" रेघेखालून स्वच्छ दिसत होतं. सही केली, तारीख घातली, आणि कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला. "आता काय लिहायचं ते तू लिही," ते म्हणाले. "वकिलाशी मी बोलतो. आणि पाहुण्यांना भिंतीपाशी हे तूच सांगायचं. मला जमायचं नाही." मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "इंग्रजीत सांगशील की..."

"जसं झालं तसं सांगते," दीपाली म्हणाली.

खाली फाटकापाशी गाड्या आत आल्याचे हॉर्न वाजले. दिग्विजय कोट सावरत उठले, पण ती उठली नाही. तिला घाई नव्हती. खुर्ची पुढे ओढून तिनं खोडलेल्या वाक्याच्या शेजारच्या कोऱ्या जागेत मराठीतच लिहिलं, की अकराव्या जागेवर वाय हवा होता. फोनवर ऐकताना माझी चूक झाली आणि मी आय लिहिला. खाली सही केली, सगळं नाव, बापाच्या नावासकट. मग ते पुन्हा एकदा वाचून बघितलं आणि "माझी" या शब्दावरची पुसट झालेली वेलांटी तिनं पेन दाबून नीट गिरवली.